रुमालाखालचा सौदा: पटवणं कुठं संपतं आणि गुंडाळणं कुठं सुरू होतं?

मंगळवारातली | धागाकर्ती

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहितेय. (घरी बोलताना मी कोल्हापूरच्या रिवाजाप्रमाणं 'मी आलो, मी गेलो'च म्हणते. इथं जरा शिस्तीत लिहिते.)

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, ७४ वर्षांचे. शाहू मार्केट यार्डात एका गूळ अडत्याकडे ३६ वर्षं दिवाणजी होते. अजूनही दुकानदारानं पावती दिली की तिथंच उभं राहून बेरीज तोंडी करून बघतात. मागच्या थंडीत त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. संध्याकाळी लुनावरून येताना दोनदा गटारीच्या कडेला गेले. तरी ऑपरेशनचं नाव काढलं की एकच उत्तर, "दिसतंय की अजून."

डॉक्टर मला म्हणाले होते, "घाई नाही. दोन-चार महिन्यांनी केलं तरी चालेल. फक्त फार लांबवू नका, मोतीबिंदू कडक झाला की काढायला अवघड जातो." मी घरी येऊन अप्पांना सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांत केलं नाही तर डोळा जाईल."

एवढ्यावर थांबले नाही. माझा लेक आठ वर्षांचा आहे. त्याला शिकवून ठेवलं, "आजोबांना म्हण, काल गल्लीत तुम्ही मला ओळखलंच नाही." पोरानं ते असं काही म्हटलं की अप्पा ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच म्हणाले, "तारीख घे."

ऑपरेशन छान झालं. अप्पा रस्त्यापलीकडच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

जूनमध्ये डावा डोळा दाखवायला गेलो. डॉक्टर सहज म्हणाले, "यालाही घाई नाही, आजोबा. उजव्याला तरी कुठं होती?" अप्पा काही बोलले नाहीत. रिक्षात नाहीत, घरी आल्यावर नाहीत. रात्री दिवा मालवायच्या आधी म्हणाले, "छत्तीस वर्षं मार्केटात काढली मी. माझ्याशी रुमालाखाली सौदा केलास तू."

तेव्हापासून दवाखान्याचा प्रत्येक कागद ते शेजारच्या निवृत्त गुरुजींकडून वाचून घेतात. माझ्याकडून नाही. आणि लेक काही सांगायला गेला की त्याला विचारतात, "हे तू सांगतोयस का आईनं सांगितलंय?"

खोटं बोलले हे मला कळतंय, त्यावर माझं काही म्हणणं नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. समजा मी एकही वाक्य खोटं बोलले नसते, नुसत्या नातवाच्या रडव्या चेहऱ्यावर काम भागवलं असतं, तर ते चाललं असतं का? दुसऱ्याच्या मनावर परिणाम तर आपण सगळेच रोज करतो. मग रेघ नक्की कुठं असते?

तांबडा_पांढरा | रात्री ९.४०

डोळा वाचला ना? मग विषय संपला की ओ. म्हाताऱ्या माणसांना असंच वळवावं लागतं. आमच्या आजीला गोळ्या आम्ही गुळाच्या खड्यात घालून देत होतो. तुम्ही उगाच मनाला लावून घेताय.

मंगळवारातली | रात्री ९.५२

विषय संपला असता तर अप्पा कागद घेऊन गुरुजींकडे गेले नसते. आणि दादा, डोळा 'वाचला' नाही. तो जाणारच नव्हता एवढ्यात.

गुळाचा_रवा | रात्री १०.१५

इथं बाहेरगावचे वाचकही आहेत म्हणून आधी रुमालाचं सांगतो, कारण तुमच्या अप्पांनी फार मोजून शब्द वापरलाय.

जनावरांच्या बाजारात पूर्वीपासून ही चाल आहे. दलाल एकदा विकणाऱ्याचा हात रुमालाखाली धरतो, एकदा घेणाऱ्याचा. बोटं दाबून आकडा सांगायचा, तोंडातून चकार शब्द नाही. भोवती वीस माणसं उभी असतात, पण दोघांनी कोणता आकडा दाबला ते फक्त दलालाला ठाऊक. शेतमालातही हा प्रकार चालायचा. बाजार समित्यांनी उघड लिलावाचा आग्रह धरला तो याच्याचसाठी. गुळाच्या सौद्यात रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, मांडलेले असतात, व्यापारी माल बघतात, बोली सगळ्यांसमक्ष चढते. नाही पटला भाव तर शेतकरी म्हणू शकतो, नाही द्यायचा.

आता यातली खोच बघा. रुमालाखाली शेतकऱ्याला दर वेळी कमीच भाव मिळतो असं नाही. कधी चांगलाही मिळतो. पण बैल त्याचा, आणि बैलाबद्दल काय ठरलं हे त्यालाच पुरतं माहीत नसतं. अप्पांची तक्रार भाव पडल्याची नाहीच. डोळा त्यांचा, पंधरा दिवसांचा आकडा तुम्ही दाबलात, आणि त्यांना वाटत राहिलं की निर्णय आपणच घेतला.

तांबडा_पांढरा यांच्या आजीबद्दल: आजीला माहीत होतं का खड्यात गोळी आहे ते? माहीत असेल तर तो लाड. नसेल तर रुमाल.

तांबडा_पांढरा | रात्री १०.२१

आजीला सगळं माहीत असायचं. गोळी बाजूला थुंकून खडा तेवढा खायची.

विमा_विकतो_माफ_करा | रात्री ११.०५

बावीस वर्षं विमा विकतोय, त्यामुळं या विषयावर बोलायचा मला जरा जास्तच अधिकार आहे असं समजा. लांबण लावतो, सांभाळून घ्या.

आमच्या धंद्यात शिकवलं जातं की माणूस चार-सहा ठरावीक दोऱ्यांवर हलतो. काहीतरी आधी द्या, डायरी, कॅलेंडर, दिवाळीला चिवड्याची पिशवी. तो मिंधा होतो. शेजाऱ्यानं काय घेतलं ते सांगा. मोठ्या माणसाचं नाव घ्या. आणि शेवटची दोरी म्हणजे 'आजच'. अमेरिकेत चाल्डिनी नावाच्या मानसशास्त्रज्ञानं या दोऱ्यांची पद्धतशीर मांडणी केली. पण आमच्या लक्ष्मीपुरीतल्या जुन्या कापडवाल्यांना ते शिकायला कुठं जावं लागलं नव्हतं. गिऱ्हाईक आलं की आधी चहा सांगायचा, मग तागा उलगडायचा.

दोरी म्हणजे पाप नव्हे. शेजाऱ्यानं खरंच ती पॉलिसी घेतली असेल आणि त्याची परिस्थिती तुमच्यासारखीच असेल, तर ती माहिती तुमच्या कामाची आहे. ३१ मार्च खरोखरच करबचतीचा शेवटचा दिवस असेल तर तो सांगणं माझं काम. पण 'ही योजना सोमवारी बंद होतेय' असं मी स्वतःच्या मनानं ठोकून दिलं की मी तुमची विचार करायची रात्र चोरली. धागाकर्तींनी नेमकं तेच केलं. पंधरा दिवसांची थाप म्हणजे आमचं 'आजच'.

सरकारनंही याची दखल घेतली आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन फसव्या रचनांविरुद्ध, ज्यांना डार्क पॅटर्न म्हणतात, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात १३ प्रकार दिलेत. पहिलाच आहे खोटी घाई: 'फक्त दोनच उरलेत', आणि गोदामात ढीग. दुसरा, टोपलीत न विचारता वस्तू सरकवणं. तिसरा, लाजवून होकार घेणं: विमा नको असेल तर जे बटण दाबायचं त्यावर लिहिलेलं, 'मला माझ्या कुटुंबाची काळजी नाही'. आता नातवाला पढवून आजोबांपुढं उभं करणं यातल्या कोणत्या खणात बसतं, ते तुम्हीच ठरवा ताई.

माझ्यापुरता एक नियम केलाय. पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, तशी तरतूदच आहे. हे मी सही घ्यायच्या आधी सांगतो. पूर्वी सांगत नव्हतो. सांगायला लागल्यावर काही सौदे मोडले, खोटं कशाला बोलू.

सूनबाई_रंकाळा | सकाळी ८.१०

हे सगळं वाचून मला घाम फुटला. मी तर रोजच करते असलं काहीतरी. रविवारी मटण झालं, सासरे ढेकर देऊन पानाचा डबा उघडतात, तेव्हाच माहेरी जायचा विषय काढते. शनिवारी उपाशी पोटी काढला तर ठरलेलं उत्तर, "बघू." मग मी पण रुमालवालीच का?

विमा_विकतो_माफ_करा | सकाळी ८.४४

नाही ओ. वेळ बघून बोलणं हा शहाणपणा. तुम्ही काय मागताय ते सासऱ्यांना स्वच्छ कळतं, आणि "उद्या सांगतो" म्हणायची सोय त्यांना आहे. किंबहुना ते तुमचा रविवारचा बेत कधीच ओळखून बसले असतील.

सूनबाई_रंकाळा | सकाळी ८.५०

ओळखलाय! परवा सासूबाईंना म्हणाले, "आज रस्सा जरा जास्तच चांगला झालाय, कधी निघतेय ही?"

शब्दवेल्हाळ | सकाळी ९.३०

अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. मराठीत या दोन्ही गोष्टींना किती जवळजवळचे शब्द आहेत बघा. 'पटवणे' एकच: हिशेबही पटवतात आणि गिऱ्हाईकही पटवतात. 'गळ घालणे' म्हणजे आर्जव करणं, समोरच्याला कळतंय की आपल्याकडं काहीतरी मागितलं जातंय. 'गळाला लावणे' मध्ये मात्र माशाला फक्त आमिष दिसतं. 'समजूत घालणे', 'मन वळवणे', 'शब्द टाकणे' हे सगळे चारचौघांत करता येतात. 'कान भरणे', 'फूस लावणे', 'शेंडी लावणे', 'पढवणे' यांना आडोसा लागतो. 'भीड घालणे' कुठं बसवायचं यावर मात्र मी अजून अडलोय. भीड उघडच असते, पण तिच्यात 'नाही' म्हणायला जागा फार थोडी उरते.

मास्तर_उत्तरेश्वर | सकाळी ११.२०

शब्दवेल्हाळ यांच्या भिडेवरून आठवलं. कोल्हापुरात राहून हा विषय निघावा आणि गंगाराम कांबळ्यांचं हॉटेल आठवू नये, असं कसं होईल?

गंगाराम कांबळे राजवाड्यात नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. पुढं शाहू महाराजांच्या मदतीनं त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, नाव 'सत्यसुधारक'. दलिताच्या हातचा चहा कोण पिणार? महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा मागवायचे आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही द्यायला लावायचे. सह्या घ्यायला येणाऱ्यांना तिथंच गाठायला सांगायचे, असंही पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं.

आता याच्या शेजारी दुसरा प्रसंग ठेवतो. १९२९, न्यूयॉर्क, ईस्टरची मिरवणूक. बायकांनी रस्त्यावर सिगारेट ओढणं तिथं तेव्हा वाईट समजलं जाई. त्या दिवशी काही तरुणींनी भर मिरवणुकीत सिगारेटी पेटवल्या, 'या स्वातंत्र्याच्या मशाली' असं म्हणत. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. लोकांना वाटलं ही बायकांची चळवळ. प्रत्यक्षात ते एडवर्ड बर्नेज नावाच्या प्रसिद्धीतज्ज्ञानं घडवून आणलं होतं आणि त्याला पैसे देत होती तंबाखूची कंपनी.

दोन्ही ठिकाणी खेळ एकच. चारचौघांत एक कृती करून दाखवायची, म्हणजे बघणाऱ्यांची सवय बदलते. दोन्हीकडं नाट्य होतं. पण भाऊसिंगजी रोडवर कप कुणाच्या हातात आहे आणि त्याला काय घडवायचं आहे, हे अख्ख्या गावाला दिसत होतं. न्यूयॉर्कात मशाल दिसली, ती पेटवणारा दिसला नाही.

निवांत_मी | दुपारी १२.०२

मास्तर, आदर ठेवून एक विचारतो. खुद्द महाराजांनी "घे चहा" म्हटल्यावर "नको" म्हणायची कुणाची टाप होती? हे मन वळवणं कसं? हा तर सरळ दबाव. महाराजांचा हेतू चांगला म्हणून आपण त्याला गोड नाव देतोय.

मास्तर_उत्तरेश्वर | दुपारी १२.४०

मान्य. दबावच होता. आणि महाराजांनी तो कधी लपवलाही नाही. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया, लक्षात घ्या. १९०२ च्या जाहीरनाम्यात संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांना राखल्या, त्याही गॅझेटात छापून. ज्यांना हे रुचलं नाही त्यांनी उघड विरोध केला, कारण विरोध कशाला करायचा ते समोर लिहिलेलं होतं.

म्हणून मी दोन नव्हे, तीन गोष्टी धरतो: पटवणं, भाग पाडणं आणि गुंडाळणं. भाग पाडणं कधी योग्य असतं, कधी जुलूम असतो, तो वाद निराळा. पण ज्याला भाग पाडलं त्याला ते कळतं, आणि तो निदान मनात तरी शिव्या देतो. ताईंनी अप्पांच्या लुनाची किल्ली काढून घेतली असती तर अप्पा कडाकडा भांडले असते. गुंडाळलेल्या माणसाला भांडताच येत नाही, कारण भांडण आहे हेच त्याला ठाऊक नसतं.

लाल_माती | दुपारी ३.१५

म्या लय शिकलेला न्हाई, चूक झाली तर पदरात घ्या. पर हितं सगळी म्हनत्यात लपवनं वाईट. मग कुस्तीत काय करायचं? पटाची हूल दावायची आन् ढाक मारायची, ह्ये तर वस्ताद पयल्या वर्षाला शिकवत्यात. समोरच्याला फशिवल्याबिगर कुस्तीच हुत न्हाई. खासबागेत हजारो मानसं हुलंवरच टाळ्या वाजिवत्यात. मग पैलवान काय लबाड?

गुळाचा_रवा | दुपारी ३.३२

आता आली का पंचाईत!

लाल_माती | दुपारी ३.५८

आमच्या वस्तादांस्नी इचारलं. हसलं. म्हनलं, "सलामी झाली का न्हाई?" म्या म्हनलं, झाली की. "मग सलामी झाल्यावर तू हूल देनार ह्ये त्यालाबी म्हाईत हाय, तो देनार ह्ये तुलाबी म्हाईत हाय. त्यो खेळ. रस्त्यानं पिशवी घिऊन चाललेल्या मानसाला पाठीमागनं टांग मारली तर तो डाव न्हाई, ती दांडगाई."

म्हंजी त्या ताईंच्या वडलांची सलामीच झाली न्हवती, आसं माझं मत.

शब्दवेल्हाळ | दुपारी ४.०५

लाल_माती, तुम्ही 'लय शिकलेला न्हाई' म्हणायचं बंद करा बघू.

ओपीडीतून | सायंकाळी ६.२०

मी एका दवाखान्यात समुपदेशक आहे, डोळ्यांच्या नाही. ताईंच्या मूळ प्रश्नाकडं येते, तो वाटेत राहिला. एकही वाक्य खोटं न बोलता गुंडाळता येतं का? रोज बघते मी. मधुमेहाच्या पेशंटला नातेवाईक फक्त पाय कापलेल्या माणसाचा फोटो दाखवतात. फोटो खरा असतो. पण साखर आटोक्यात ठेवून वीस-पंचवीस वर्षं धडधाकट राहिलेली शेकडो माणसं असतात, त्यांचा फोटो कुणी दाखवत नाही. मग पेशंट घाबरून आठवडाभर भात सोडतो आणि नवव्या दिवशी दवाखानाच सोडतो.

भावनेला हात घालायचाच नाही असंही माझं म्हणणं नाही. तुमचा लेक खरंच एखाद्या दिवशी रडत आला असता की आजोबांनी मला ओळखलं नाही, तर ते अप्पांना कळायलाच हवं होतं. तीही माहितीच आहे, आणि कुठल्याही रिपोर्टपेक्षा वजनदार. पण तुम्ही ते अश्रू पेरलेत. मुलाचं वाक्य तुमचं होतं आणि तोंड त्याचं. मला वाटतं अप्पांना पंधरा दिवसांपेक्षा हेच जास्त लागलंय. पंधरा दिवसांची चौकशी ते गुरुजींकडं करू शकतात. नातवाची कुणाकडं करणार?

आणखी एक विचारते, राग मानू नका. पंधराच दिवस का? महिना का नाही?

मंगळवारातली | रात्री १०.३०

ओपीडीतून, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर दोन दिवस गप्प बसले.

पंधरा दिवस, कारण माझी रजा तेवढ्यातच बसत होती. पुढच्या महिन्यात ऑफिसात ऑडिट होतं, मग लेकाची परीक्षा. हे मी अप्पांना सांगितलंच नव्हतं. तुम्हालाही वर सांगितलं नाही, बघा. 'अप्पांच्या भल्यासाठी' एवढंच धरून चालले होते, आणि त्या भल्यात माझी सोय अलगद गुंडाळलेली होती.

आज संध्याकाळी अप्पा कट्ट्यावर बसले होते. डाव्या डोळ्याचा कागद घेऊन गेले आणि पहिल्यांदा डॉक्टर काय म्हणाले होते ते शब्दाला शब्द सांगितलं. मग म्हटलं, "अप्पा, तुम्ही अंधारात लुना काढली की मला भीती वाटते. आणि मला रजा दिवाळीच्या आधीच मिळेल, नंतर नाही. मला तुम्ही तेव्हाच करावं असं वाटतं, त्यात माझी सोय आहे. न करता वर्षभर थांबलात तर मोतीबिंदू कडक होईल, पण लगेच काही डोळा जात नाही." लेकाला समोर बसवून सांगितलं की ते गल्लीतलं वाक्य मी शिकवलं होतं. तो म्हणाला, "आजोबांना माहितीय. मी कधीच सांगितलं त्यांना."

अप्पा हो म्हणाले नाहीत. कागद दोनदा घडी घालून खिशात ठेवला. म्हणजे उद्या गुरुजींकडं जाणारच. मी आत जायला उठले तर मागून विचारलं, "किती तारखेपासून म्हणालीस रजा?" सांगितली. त्यांनी त्यांची जुनी, अडत दुकानातल्यासारखी लांबट वही काढली, त्यात तारीख लिहिली आणि पुढं जागा कोरी सोडली.

तांबडा_पांढरा | रात्री १०.४१

लुना तेवढी संध्याकाळी काढू देऊ नका.

मंगळवारातली | रात्री १०.४३

किल्ली मागितली. उघड मागितली. दिली नाही.